तापाचा अर्ज

पडद्यावर माझा मेसेज होता.

कॉलेजच्या सभागृहातला तो पांढरा पडदा, एका कोपऱ्याला फाटलेला. त्यावर भिंतीएवढा माझा मेसेज. माझं नाव काळ्या पट्टीनं झाकलं होतं. पण नावाशेजारचा गोल फोटो तसाच राहिला होता. फोटोत मी नव्हते. आमचं कोकरू होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. अख्ख्या कॉलेजात मोबाइलला मेंढराचा फोटो लावणारी मी एकटी. नाव झाकून सरांनी काय झाकलं, ते सरांनाच ठाऊक.

परभणीतलं कॉलेज. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. त्या शनिवारी सेमिनार होता. विषय, सोशल मीडियाचा विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनावर होणारा परिणाम. बाहेरगावचे पाहुणे आले होते, शाल, नारळ, हार सगळं झालं होतं. सर माईक घेऊन उभे राहिले आणि त्यांनी माझा मेसेज वाचला. एकेक शब्द ताणून.

‘सर प्लीज. माय मदर ॲक्सिडेंट. नाईन शीप्स डेड. आय ॲट फाटा. नो कम टेस्ट. प्लीज सर.’

पुढे दोन रडणारे चेहरे होते आणि जोडलेले हात. सरांनी लाल दिव्याचा ठिपका त्या चेहऱ्यांवर नेला.

‘आणि हे बघा,’ ते म्हणाले, ‘भाषा संपली की चेहरे सुरू होतात.’

सभागृह हसलं. पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मागच्या बाकांवरून कुणीतरी मेंढरासारखं ओरडलं, तेव्हा तर छप्पर उडतंय की काय असं झालं. माझ्या शेजारी नसरीन होती, माझी मैत्रीण. ती हसली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

मीही हसले. हे बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे हसत होते, आपण नाही हसलो तर आपणच ती, हे उघडं पडेल, म्हणून हसले. जणू कुणाला माहीतच नव्हतं. माझी माय डांबरी रस्त्यावर पडली होती त्याची बातमी, आणि मी तिच्यावर दात काढले. सरांचा राग नंतर आला. आधी आला तो स्वतःचा, आणि तो अजून गेलेला नाही.

आता फाट्यावर काय झालं ते सांगते.

आमची मेंढरं. झरीजवळच्या एका खेड्यात आमचं पत्र्याचं घर, पण वर्षातले सात-आठ महिने माय आणि आबा मेंढरं घेऊन फिरतीवर. आज या वावरात मुक्काम, उद्या त्या. शेतकरी बोलावतात, मेंढरं रात्रभर वावरात बसली की जमिनीला खत होतं. त्या हिवाळ्यात आमचा मुक्काम सेलूच्या बाजूला होता. सेमिनारच्या तीनेक आठवडे आधी, एका रविवारी, मी मायला भेटायला गेले होते. सोमवारी अकराला इंग्रजीची टेस्ट. वीस मार्कांची. सकाळी मेंढरं देवगाव फाटा ओलांडून पलीकडं जाणार होती, आणि मला फाट्यावरूनच बस धरायची होती. म्हणून मी मेंढरांबरोबर चालत निघाले. पाठीला दप्तर, हातात टेस्टच्या नोट्स. चालता चालता पाठ करत होते.

धुकं होतं. आबा पुढे, माय मागे. अर्धी मेंढरं रस्ता ओलांडून गेली आणि उसाचा ट्रक आला. मेंढरू एक वळलं की सगळी वळतात. ती मागे वळली, मायच्या अंगावर. माय त्यांना हाकायला पुढे झाली. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला असेल, मला आवाज आठवतो. नऊ मेंढरं गेली. मायचा उजवा पाय मांडीपासून मोडला. ती ओरडली नाही. ती मेंढरं मोजत होती, पडल्या पडल्या.

लोक जमले. कुणीतरी रिक्षा आणायला पळालं. आबा रस्त्यात मधोमध बसून राहिले, त्यांना काही सुधरत नव्हतं. मी मोबाइल काढला. चार टक्के चार्जिंग. आणि त्या वेळी मला काय सुचावं? टेस्ट. हसू नका. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. एक टेस्ट चुकली तर नाव काढून टाकतील, असंच मला वाटायचं. सरांना कळवायला पाहिजे, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवायचं तर इंग्रजीत. तो सरांचा नियम होता. ग्रुपवर मराठी चालणार नाही. मराठीत मला दोन ओळींत सगळं सांगता आलं असतं. पण मायचा पाय मोडला तरी आधी त्याचं इंग्रजी करायचं होतं.

चार टक्क्यांत जेवढं झालं तेवढं केलं. ओढणीला रक्त पुसून अंगठ्यानं टाइप केलं. त्यालाच सर सोशल मीडियाचा परिणाम म्हणाले.

माझ्या मोबाइलात एक तयार अर्जही होता. आता हा तापाचा अर्ज नीट सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या सगळ्यांकडं एकच गाईड होतं. त्यात रजेचा एकच अर्ज होता. महोदय, मी तापाने आजारी असल्यामुळे परीक्षेस उपस्थित राहू शकत नाही. सुरेख इंग्रजी, एक चूक शोधून सापडायची नाही. दहावीपासून आम्ही तोच लिहीत आलो होतो. कुणाचा आजा वारला, ताप. बहिणीचं लग्न, ताप. सोयाबीन काढायला घरी माणूस नाही, ताप. एका पोराचं घर जळालं होतं, त्यानंही तापच लिहिला. दुसऱ्या कशाचं इंग्रजी गाईडात नव्हतं ना. आमच्या कॉलेजात बाराही महिने साथ चालू असायची आणि सर त्या अर्जांवर खूश होऊन सही करायचे.

त्या सकाळी तो अर्ज पाठवायला एक सेकंद लागला असता. बोट त्याच्यावर गेलंही होतं. पण समोर माय पडली होती. तिला बघत ‘मला ताप आहे’ असं पाठवायला बोट धजेना. म्हणून मी खरं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजला खरं कारण कळवलं, मोडकंतोडकं.

मोबाइल बंद पडायच्या आत सरांचं उत्तर आलं. ‘आधी इंग्रजी सुधारा.’ खाली दहा-बारा जणांचे हसरे चेहरे.

एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मीही खोटा अर्जच लिहितेय असं होईल. सर म्हणत होते ते अगदीच खोटं नव्हतं. माझं इंग्रजी मोबाइलवरच आलं होतं. गावच्या शाळेत इंग्रजीच्या सरांची जागा लय दिवस रिकामी होती. नंतर जे आले ते फळ्यावर निबंध लिहून द्यायचे आणि आम्ही पाठ करायचो. माझा जिवलग मित्र. त्याचं नाव रोहन, तो फ्लॅटमध्ये राहतो, त्याचे वडील डॉक्टर. चार वर्षं मी रोहनवर निबंध लिहिला आणि चांगले मार्क घेतले. रोहन नावाचं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही.

मग लॉकडाउनमध्ये जुना मोबाइल आला. त्यावर कुठल्याशा थंड देशातली एक बाई मेंढरं राखायची आणि त्यांचे व्हिडिओ टाकायची. मी खाली लिहिलं, छान मेंढरं. इंग्रजीत, दोन शब्द. तिचं उत्तर आलं, धन्यवाद, तुमच्याकडं किती आहेत? मी कितीतरी वेळ त्या प्रश्नाकडं बघत बसले. इंग्रजीत मला कुणी खरं काही विचारायची ती पहिलीच वेळ. उत्तर गाईडात नव्हतं. ते मलाच ठाऊक होतं. मी लिहिलं, साठ, आम्ही चालतो. वाक्य धड नव्हतं. तिला कळलं.

तर असं माझं इंग्रजी. त्याचा तोटाही झाला, नाकारत नाही. पेपरात हात आपोआप अर्धे शब्द लिहायचा, शब्दाच्या जागी आकडे घालायचा. मार्क जायचे, ते बरोबरच जायचे. एवढं माझं मला कळत होतं. त्यासाठी पडदा लागत नव्हता.

सेमिनार संपल्यावर चहा-बिस्किटं होती. मी न घेता बस धरली. माय तेव्हा पत्र्याच्या घरात पलंगावर होती. पायात रॉड टाकलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मेंढरामागं चालणं आता विसरा. तिनं माझं तोंड बघितलं.

‘काय झालंय? तोंड कामून उतरलंय?’

मी सांगितलं. हसले तेवढं सोडून सगळं. माय शाळेत गेलेली नाही, तिला सेमिनार म्हणजे काय तेही समजावून सांगावं लागलं. तिनं ऐकून घेतलं.

‘म्हया पायाचं लिवलं व्हतं का त्यात?’

‘व्हय.’

‘मेंढराचं बी?’

‘व्हय.’

‘मंग त्यानं इचारलं का, पाय कसा हाय म्हून?’

‘न्हाई.’

‘त्या पावन्यायनी?’

‘कुणीच न्हाई.’

मायनं पायाखालची गोधडी सारखी केली. मग म्हणाली, ‘म्हंजी कुणी वाचलंच न्हाई की. पयले आमच्याकडं रानात चिठ्ठी यायची. आमाला कुणाला वाचाया येत न्हवतं. वावराचा मालक वाचायचा. त्यो पयले सांगायचा, सगळे जिते हायेत. मंग बाकीचं. तुह्या सरला एवडं बी यिना का?’

ती रागावून बोलली नाही. तिला खरंच प्रश्न पडला होता. मी पत्र्याकडं बघत पडून राहिले. माझा मेसेज सरांनी वाचला, पाहुण्यांनी वाचला, दोनशे पोरांनी वाचला. आणि आतली बातमी कुणापर्यंत पोचली नव्हती. माझ्या इंग्रजीत चुका होत्या, पण कळत नव्हतं असं त्यात काय होतं? ‘मदर’ कळत नव्हतं? ‘डेड’ कळत नव्हतं? त्यांना सगळं कळलं होतं. आमच्यासारख्यांनी लिहिलेलं फक्त तपासायचं असतं, एवढाच त्यांचा समज होता. मला हसू आलं तेही त्यामुळंच. मीही स्वतःला तसंच तपासत आले होते.

सर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर हे सांगणं सोपं गेलं असतं. बस चुकून उशीर झाला तर हजेरी लावायचे. आपली पुस्तकं वाचायला द्यायचे. घरची बागायती, वडील मोठे अधिकारी होते, लहानपणापासून इंग्रजी शाळेत. त्यांच्या इंग्रजीला कधी धूळ लागली नव्हती. त्यांना वाटायचं, आम्ही निव्वळ आळस करतो.

सेमिनारनंतरच्या सोमवारी, टेस्ट चुकलेल्यांसाठी नोटीस लागली. पुन्हा टेस्ट होईल, अर्ज नमुन्याप्रमाणे द्यावा. नमुना म्हणून गाईडाचं तेच पान झेरॉक्स करून बोर्डाला लावलेलं. पोरं उभ्या उभ्या उतरवून घेत होती. नसरीननं माझ्यासाठी कोरा कागद आणला होता.

‘बुखार लिख डाल ना,’ ती म्हणाली. ‘कौन देखने आरा? मैं तो आपा के निकाह में भी बुखार लिखी थी.’

मी कागद घेतला आणि लायब्ररीत जाऊन बसले. दोन दिवस लावले. मोबाइलवर एकेक शब्द शोधला. हो, मोबाइलवरच. पानभर अर्ज झाला. त्या दिवशी मला ताप नव्हता. माझ्या आईचा पाय ट्रकखाली मोडला. नऊ मेंढरं मेली. मी तुम्हाला हे तेव्हाच कळवलं होतं. मला टेस्ट द्यायची आहे. माझा मेसेज पुन्हा कुठेही दाखवू नये. एवढंच, पण माझं. एक अर्धा शब्द नाही, एक चेहरा नाही.

स्टाफरूममध्ये सरांनी अर्ज घेतला आणि लाल पेनाचं टोपण काढलं. सवयीनं. तिसऱ्या ओळीपर्यंत दोन गोल झाले होते.

‘सर, आधी वाचा,’ मी म्हणाले.

‘वाचतोय ना.’

‘नाही सर. तपासताय.’

त्यांनी मान वर केली. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. 

सर समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘हे बघ, मी तुझ्या भल्याचं सांगतो. रेकॉर्डला अपघात लावला की पंचनामा आण, दाखला आण, शंभर कागद. ताप लिही, मी आत्ता सही करतो. विषय संपला.’

‘मला ताप नव्हता.’

‘अगं, कुणालाच नसतो.’

हे त्यांनी हसत सांगितलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं, इतके अर्ज, सगळे खोटे, हे ठाऊक असून सही. त्या आज्याला, त्या जळालेल्या घराला ताप म्हणून सही. कारण इंग्रजी बरोबर होतं. मला एकदम थकल्यासारखं झालं. भांडायलाही अंगात जोर राहिला नाही.

‘मग टेस्ट नाही,’ सर म्हणाले. ‘वीसपैकी शून्य पडेल. विचार कर.’

‘पडू द्या.’

‘आणि त्या स्लाइडवर तुझं नाव कुठे आहे? एवढं मनाला लावून घ्यायला?’

‘माझी माय आहे सर त्यात.’

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी अर्ज टेबलावरच ठेवला आणि निघाले. दारात असताना मागून ऐकू आलं. ते मॅडमना सांगत होते, ‘बघा. या मोबाइलनं पोरांची भाषाच नाही, वागणंही बिघडवलं.’

शून्य पडलं. त्या शून्यानं माझा फर्स्ट क्लास गेला आणि त्यापायी विद्यापीठातला प्रवेशही. एम.ए. मी बाहेरून केलं. आबांना आजही वाटतं, पोरीनं उगाच हेका धरला, चार ओळी लिहून दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं. नसरीन फोनवर सॉरी म्हणाली होती, हसल्याबद्दल. मी तिला म्हणाले, मीपण हसले होते. 

आता मी पूर्णेला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. पोरं आगगाडीनं येतात, बसनं येतात. त्यांचं लिहिणं बघून जीव थकतो, खोटं का बोलू. अर्धे शब्द, आकडे, चेहरे. पन्नास वह्या झाल्या की डोळे चुरचुरतात आणि मला सर आठवतात. माझाही हात लाल पेनाकडं जातो. कधी कधी हसूही येतं. मागे एकदा एका पोरीचा मेसेज मी शेजारच्या सरांना दाखवायला निघाले होते, मजा म्हणून. मोबाइल पुढे केलाच होता. तिनं लिहिलं होतं, घरी वडील फार पितात, वही फाडली. मी मोबाइल मागे घेतला. त्या दिवशी मला स्वतःची जी किळस आली ती सेमिनारच्या दिवसासारखीच होती.

तेव्हापासून वर्गात एकच नियम. तापाचा अर्ज चालणार नाही. ताप असेल तरच ताप. नाहीतर जे असेल ते लिहा, येईल तसं लिहा. मी आधी विचारीन, सगळे जिते हायेत का. मग बसू, तुमच्या शेजारी बसून एकेक वाक्य सरळ करू. सरळ तर करायचंच आहे. मोडकं तसंच राहू द्या, असं मी कुणाला सांगत नाही. पण आधी वाचायचं.

आणि परवा एक पत्रिका आली. व्हॉट्सॲपवरच. पुढच्या महिन्यात जवळच्याच एका कॉलेजात सेमिनार आहे, विषय तोच. बोलणारे आमचे सर. जुने विद्यार्थी सांगतात, ती स्लाइड ते अजून दाखवतात. कोकरासकट. दर वेळी हशा होतो म्हणे.

मी नाव नोंदवलंय. मायला सांगितलं. ती आता काठी टेकत चालते. ती म्हणाली, ‘म्या बी येते. बसाया खुर्ची तर आसंल ना?’

खुर्ची असेल. पहिल्या रांगेत दोन धरीन. ती स्लाइड आली की मी उभी राहीन आणि इंग्रजीतच सांगेन, माझ्या इंग्रजीत, चुका झाल्या तर झाल्या. हा मेसेज माझा. फाट्यावर त्या दिवशी काय झालं ते हे. आणि ही माझी माय, हा तिचा पाय.

मग ज्याला हसायचं त्यानं तिच्याकडं बघून हसावं.